खाट नंबर चारवरचे मास्तर

माझे सासरे शिंपी होते. कोट शिवायचे. शिंप्याला लोक मास्तर म्हणतात, तसं त्यांनाही म्हणत. मी लग्न होऊन आले तेव्हा घरातसुद्धा सगळे मास्तरच म्हणत होते, म्हणून मीही तेच उचललं. पुढे सरकारी मेडिकल कॉलेजातली मुलंही त्यांना मास्तर म्हणू लागली, पण त्यातल्या निम्म्यांना ते कधीकाळी शिंपी होते याचा पत्ताच नव्हता. हे आपल्याला शिकवतात म्हणून मास्तर, असं त्यांना वाटायचं. त्यांचं फारसं चुकतही नव्हतं.

मास्तरांच्या हृदयाची एक झडप लहानपणी आलेल्या तापापासून नीट मिटत नसे. रक्त सगळं पुढे जायच्या ऐवजी थोडं मागे फिरायचं, आणि फिरताना आवाज करायचं. जिना चढताना दम लागायचा, पण दुकान तळमजल्यावर होतं, त्यामुळे कधी अडलं नाही. चाळिशीत एकदा खोकला बरा होईना म्हणून ते सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या मोठ्या सरांनी त्यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, डोळे मिटले आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. मास्तर घाबरले. आपल्या छातीत काहीतरी ऐकून माणूस खूश होतोय, म्हणजे नक्की काय समजायचं? सरांनी बारा विद्यार्थी बोलावले आणि प्रत्येकाला ऐकवलं. इतका स्वच्छ आवाज दहा वर्षांत मिळाला नाही, असं ते म्हणाले. खोकल्याचं औषध मात्र शेवटी कंपाउंडरकडून मागून घ्यावं लागलं.

तेव्हापासून दर परीक्षेला मास्तरांना बोलावणं यायचं. डॉक्टर व्हायचं तर नुसते पेपर लिहून भागत नाही. एक खरा पेशंट समोर असतो, आणि त्याला विचारून, बघून, हात लावून, ऐकून विद्यार्थ्यानं अर्ध्या तासात दुखणं ओळखायचं असतं. खाट नंबर चार मास्तरांची. येण्याजाण्याचं भाडं, जेवण आणि थोडंफार मानधन मिळायचं. त्या दिवशी ते पहाटे उठून दाढी करत आणि कडक इस्त्रीचा शर्ट घालत. तिथे गेल्यावर जो काढूनच ठेवायचा, त्याला इस्त्री कशाला, असं सासूबाई विचारायच्या. त्यावर मास्तरांचं उत्तर ठरलेलं असे, की काढतानाही बघणारे असतात.

वर्षानुवर्षं ऐकून ऐकून त्यांना सगळं पाठ झालं होतं. आधी नाडी, मग मान, मग छातीवर तळहात, आणि सगळ्यात शेवटी स्टेथोस्कोपची नळी. जो पोरगा आल्या आल्या नळी लावतो, तो नापास. जो हात न चोळता थंडगार नळी टेकवतो, तो पास झाला तरी मास्तरांच्या लेखी नापास. त्यांनी जन्मभर माणसांची मापं घेतली होती, त्यामुळे कोणाचा हात कसा पडतो हे त्यांना डोळे मिटून कळायचं. घरी आले की जेवताना आम्हाला निकाल ऐकवायचे. अमुक एकाचे हात सर्जनचे आहेत, तमुक एकानं औषधांचं दुकान टाकावं.

पेशंटनं दुखण्याचं नाव सांगायचं नाही, असा नियम होता. मास्तर नाव कधीच सांगत नसत. पण त्यांचा आवाज छातीतून डाव्या काखेकडे जायचा, आणि ते ओळखणं हीच सगळ्यात महत्त्वाची खूण होती. मग एखादा शहाणा, नम्र विद्यार्थी अगदीच रडकुंडीला आला की मास्तर सहज हात उचलून डावी काख खाजवायचे. हुशार पोरं लगेच नळी तिकडे सरकवायची. एकदा मोठ्या सरांनी बघितलं आणि एवढंच म्हणाले, "मास्तर, खाज जरा आवरा."

एका वर्षी एक मुलगी आली. हुशार, पण भयंकर घाईची. मास्तरांनी मनातल्या मनात तिचं नाव घाईबाई ठेवलं. तिला आवाज सापडेना. तिचा चेहरा बघून मास्तरांना राहवलं नाही आणि त्यांनी काख खाजवली. मुलगी थांबली, वाकली, काख नीट निरखून बघितली आणि परीक्षकांपुढे जाऊन आत्मविश्वासानं सांगितलं की पेशंटला काखेत गजकर्ण आहे. हृदयाचा तिनं विषयच काढला नाही. ती नापास झाली. मास्तर त्या दिवशी घरी नीट जेवले नाहीत. एका पोरीचे सहा महिने आपण खाल्ले, हे त्यांच्या मनातून जाईना. पुढच्या परीक्षेला ती पुन्हा आली, तेव्हा त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते. या वेळी तिनं आवाज आपला आपण शोधला.

मग बरीच वर्षं गेली. मास्तरांनी दुकान बंद केलं, खाट नंबर चार मात्र चालू होती. अशात त्यांना बसल्या जागीही दम लागू लागला आणि एकदा आंघोळीनंतर चक्कर आली. माझ्या नवऱ्यानं हट्टानं त्यांना नव्या खासगी हॉस्पिटलात दाखवायचं ठरवलं आणि मी सोबत गेले. गुळगुळीत फरशी, कुंड्या, काउंटरवर गोड बोलणाऱ्या मुली. आत डॉक्टरीणबाई गळ्यात नळी अडकवून कॉम्प्युटरकडे बघतच प्रश्न विचारत होत्या. तीन मिनिटांत त्यांनी अकरा तपासण्यांची यादी छापून दिली. काउंटरवर त्याचा एकूण आकडा कळला आणि चक्कर मला आली.

मास्तर यादी घेऊन तसेच परत आत गेले. मागोमाग मी. त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "बाई, माझं एक बटण तुटलंय म्हणून मी आलो. तुम्ही अख्ख्या सुटाची मापं लिहिलीत, आणि टेप तर गळ्यातच आहे तुमच्या."

डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. बघत राहिल्या. मग खुर्ची मागे सरकवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मास्तर? काखेतला गजकर्ण बरा झाला का?"

मास्तर इतके ओशाळले की मला वाटलं आता इथेच दम लागेल. पण बाई हसत होत्या. त्यांनी दार लावून घेतलं, नळीचं तोंड तळहातावर घासून गरम केलं आणि मास्तरांना टेबलावर आडवं केलं. नाडी, मान, तळहात, नळी. पंधरा मिनिटं लागली. बाहेरून दोनदा कुणीतरी दार वाजवलं.

तपासता तपासताच त्या बोलत होत्या. खासगी कॉलेजात पुढचं शिक्षण घ्यायला वडिलांनी राहतं घर गहाण टाकलं होतं, ते अजून सुटलेलं नाही. हॉस्पिटलनं यंत्रं कर्जावर आणली आहेत, ती रिकामी राहिली की महिन्याच्या मीटिंगमध्ये विचारणा होते. आणि एखादी तपासणी लिहिली नाही, नेमकं तेच दुखणं निघालं, तर वकिलाची नोटीस येते. "या कागदावर मी एकटी लिहीत नाही, मास्तर," त्या म्हणाल्या. "माझ्या हातावर चारपाच जणांचे हात असतात. आणि कान लावून ऐकायला पंधरा मिनिटं लागतात, त्याचे पैसे कोणीच देत नाही."

मग त्या थांबल्या. नळी छातीच्या वरच्या बाजूला, मग मानेकडे नेली. मास्तर म्हणाले की आवाज तिकडे जात नाही, काखेकडे जातो. बाई म्हणाल्या, काखेकडे जातोच, पण मानेकडे जाणारा हा दुसरा आहे. नवा. आणखी एक झडप बिघडली आहे. मास्तरांनी ठाम नकार दिला. पंचवीस वर्षं पोरं हा आवाज ऐकतायत, आपल्याला माहीत नाही का? बाईंनी नळी त्यांच्या कानात घातली आणि ऐकायला लावलं. मास्तरांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "पास."

अकरांपैकी नऊ तपासण्या बाईंनी खोडल्या. उरलेल्या दोन त्यांनी तिथे केल्याच नाहीत, चिठ्ठी लिहून मोठ्या सरांकडे पाठवलं. सर आता निवृत्तीला आले होते. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं, फार थोड्या खर्चात. मास्तर म्हणायचे की ते स्वस्त नाही, तिथे पैशांऐवजी अंग द्यावं लागतं, शंभर पोरांना हात लावू द्यावा लागतो. ते तर त्यांनी आधीच भरपूर दिलं होतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीही सात विद्यार्थी ऐकून गेले, शेवटची संधी म्हणून.

दोन्ही झडपा बदलल्या. त्या धातूच्या, त्यामुळे घड्याळासारखी टिकटिक करतात. जुना आवाज गेला तो गेलाच. मास्तरांना तब्येत सुधारल्याचा आनंद होता, पण आपली नोकरी गेली याचं दुःख त्याहून मोठं होतं. एक दिवस स्वतःच सरांना भेटायला गेले. सरांनी त्यांना पुढच्या परीक्षेला बोलावलं. पण पहिलाच विद्यार्थी खाटेजवळ आला आणि नळी न लावताच म्हणाला, यांच्या झडपा बदलल्या आहेत, इथपर्यंत ऐकू येतंय. परीक्षा अर्ध्या मिनिटात संपली.

मास्तरांना ते फार लागलं. सोपा पेशंट होणं त्यांना मंजूर नव्हतं. शेवटी सरांनी तोडगा काढला. अंतिम परीक्षेऐवजी आता मास्तर नुकतीच पेशंटजवळ येऊ लागलेल्या मुलांना मिळतात. ती मुलं कुठे हात लावावा म्हणून अडतात, आणि नळी कानात उलटी घालतात. मास्तर त्यांना आधी हात चोळायला लावतात. मग नाडी. टिकटिक ऐकू आली तरी मान बघितल्याशिवाय कुणाला पुढे जाऊ देत नाहीत.