तानापिहिनिपाजा आणि शंभर टक्के हजेरी

जामखेड तालुक्यातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. इतक्या वर्षांत शाळेतलं प्रयोगाचं साहित्य होतं तेवढंच राहिलं, किस्से मात्र ठेवायला जागा उरली नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नसतं विचारलंत तरी सांगितलेच असते!

*

साहित्य आहे बरं का! लोलक, भिंगं, काटा, सगळं कपाटात आहे. कपाटाला कुलूप, आणि किल्ली हेडसरांच्या खिशात. प्रकाशाचा धडा आला तेव्हा मी लोलक मागितला.

"पोरांच्या हातून फुटला म्हणजे?" हेडसर म्हणाले. "तपासणीला साहेब आले की काय दाखवायचं?"

मग मी फळ्यावर लोलक काढला. तो अजून फुटलेला नाही.

*

सातवीला वेग शिकवत होतो. पुस्तकात आगगाडी होती. आमच्याकडे रूळच नाहीत, म्हणून मी उसाचा ट्रॅक्टर घेतला. "कारखाना साठ किलोमीटरवर, वेग ताशी वीस. पोचायला किती वेळ?"

सीमानं हात वर केला. वर्गात तिच्याइतकं डोकं कुणाचं चालत नाही. तिचे आईवडील दर दिवाळीनंतर कोल्हारकडे ऊसतोडीला जातात आणि त्यांच्याबरोबर सहा महिने तीही जाते.

"दोन दिवस तीन तास, सर."

"अगं, नुसते तीन तास!"

"तीन तासांत गेटावर पोचतो, सर. आत जायाला रांगंत दोन दिवस जात्यात. तुमी कदी गेल्ता का?"

गेलो नव्हतो. पूर्ण मार्क दिले.

*

"पृथ्वीवरच्या ऊर्जेचा मुख्य स्रोत कोणता?" असं एकदा विचारलं. बाळू म्हणजे आमच्या शेवटच्या बाकाचा मालक. तो ताडकन उठला. "वायरमन!"

"अरे, सूर्य!"

"सूर्य रोजच येतो की, सर. त्याची वाट कोन बगतं?"

*

यंदा सीमाला थांबवायचंच, असं मी ठरवलं. सातवीत सहा महिने बुडाले की आठवीत मुलगी दिसत नाही, हे मी फार वेळा पाहिलंय. तिच्या घरी गेलो. आई बाजरी निवडत होती.

"ठिवते की, सर. पन घराला कुलूप लागल्यावर ती जेवनार कुटं? तुमी फळ्यावर लोलक काढता म्हनं, तशी भाकरी काढनार का?"

मी चहा पिऊन परत आलो.

*

उपाय होता. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह मिळतं. त्यासाठी फक्त ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांची यादी वर पाठवायची. हेडसरांनी पाठवलीही. यादीत एकच शब्द होता, "निरंक".

"मुलं बाहेर जातात असं दाखवलं, तर आपली शंभर टक्के हजेरी गेली ना!" त्यांनी मला समजावलं. खाली वर्गशिक्षक म्हणून माझी सही घेतली. मीही शहाण्यासारखी केली. त्या सहीची मला आजही लाज वाटते.

दिवाळी झाली आणि सीमा ट्रॅक्टरमध्ये बसून गेली. हजेरीपत्रकात मात्र एकही दिवस चुकली नाही!

*

मग आली तपासणी. हेडसरांनी तयारी दिवाळीआधीच करून घेतली होती. सात रंग सात मुलांना वाटून दिले होते. प्रत्येकानं आपलाच रंग पाठ करायचा, क्रमानं बोलायचं, दुसऱ्याच्या रंगात तोंड घालायचं नाही. सीमाला पारवा होता, तिच्यानंतर बाळूला जांभळा.

कपाट उघडलं. लोलक खिडकीतल्या उन्हात धरला आणि भिंतीवर रंगांचा पट्टा पडला. पोरं आ वासून बघत राहिली, कारण तो पट्टा ती पहिल्यांदाच बघत होती. साहेब खूश झाले. "वा! सांगा बरं रंग."

"तांबडा!" "नारिंगी!" "पिवळा!" "हिरवा!" "निळा!"

आणि सगळं थांबलं. बाळू हाताची घडी घालून गप्प उभा. हेडसर डोळे वटारून थकले.

"पुढचा रंग कुणाचा?" साहेबांनी हजेरीपत्रक चाळत विचारलं. "आज तर सगळेच हजर दिसतायत."

बाळूनं एकदा माझ्याकडे बघितलं.

"पारवा कोल्हारकडं ऊस तोडाया गेलाय, साहेब. पाडव्याबिगर येत न्हाई."