गॅलियनचा चौथा अर्थ
माझा मामा शब्दकोशाच्या कार्यालयात ‘ग’ या अक्षराचा मालक आहे. ‘मालक’ हा मामीचा शब्द. दारावरच्या पाटीवर नुसतं सहायक संपादक लिहिलंय. अकरा वर्षं त्याने ‘ग’मध्येच मुक्काम ठोकला होता. गवत, गाजर, गुडघा वगैरे उरकून तो गॅलियनपाशी आला आणि तिथे जो अडकला तो अडकलाच.

गॅलियन म्हणजे जुन्या काळचं उंच, तीन-चार डोलकाठ्यांचं, माल आणि तोफा दोन्ही वाहणारं गलबत. हा पहिला अर्थ. बंदरावरचे हमाल कुठल्याही जुन्या, अवजड बोटीला गॅलियन म्हणतात, हा दुसरा. मुलं खेळात सोनेरी कागदाच्या नाण्याला म्हणतात, तो तिसरा. या तिन्हींच्या पुराव्याची कार्डं खोकं भरून होती.

चौथा अर्थ मामीच्या माहेरचा. तिचे वडील बोटींची डागडुजी करत. दोन्ही हातांत ओझं घेऊन डुलत डुलत, सावकाश येणाऱ्या माणसाला ते गॅलियन म्हणत. मामा रोज संध्याकाळी पुस्तकांच्या दोन पिशव्या आणि काखेत छत्री घेऊन जिना चढतो, प्रत्येक वळणावर थांबतो. वरून मामीची हाक ठरलेली: “आलं बघा आमचं गॅलियन! सरका, नांगर टाकायला जागा द्या.”

आता कार्यालयाचा नियम असा, की तीन वेगवेगळ्या माणसांनी, कुणी न विचारता, बोलता बोलता शब्द वापरला तरच तो अर्थ कोशात जातो. कार्डावर वाक्य, तारीख आणि बोलणाऱ्याची सही लागते. मामीचे वडील केव्हाच गेले, भावंडं नाहीत. साक्षीदार एकच. आणि ग शुक्रवारी छपाईला जाणार होता. पुढची आवृत्ती वीस वर्षांनी.

लग्न झाल्यापासून मामाने मामीच्या वाट्याच्या संध्याकाळी कार्डांना दिल्या, रविवार कार्डांना दिले, जेवणाचं टेबलही कार्डांनाच दिलं. हे तो स्वतःच कबूल करतो. तिच्या वडिलांचा हा एक अर्थ छापून यावा, एवढं मात्र त्याने मनावर घेतलं होतं. सोमवारी तो माझ्यासमोर पिशव्या घेऊन दोनदा जिना चढला.

“काय दिसतंय तुला?”

“धाप लागलेला मामा.”

दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

बुधवारी त्याने आयुष्यातली पहिली लबाडी केली. डाव्या हाताने दोन खोटी कार्डं लिहिली आणि गठ्ठ्यात सरकवली. गुरुवारी गठ्ठा तपासायला आला तो त्याच्याच टेबलावर, कारण ग तपासणारा दुसरा आहे कोण? मामाने दोन्ही कार्डं बाद केली. वर लाल पेन्सिलीने शेरा मारला: ‘बोलणारा माणूस इतके अचूक स्वल्पविराम देत नाही.’

तो म्हणतो, स्वतःचं अक्षर ओळखलं नव्हतं. मामी म्हणते, ओळखलं होतं. मला मामीचं पटतं.

संध्याकाळी त्याने सगळं तिला सांगून टाकलं. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, “बाबांच्या शब्दाला खोट्या सह्या नकोत हो. पण तुम्ही माझ्यासाठी लबाडी केलीत, बरं वाटलं मला.”

कोश छापून आला. गॅलियनचे अर्थ तीन. मामाने ते पान घरात कुणाला उघडू दिलं नाही. मला त्याची फार दया आली, पण दया दाखवली असती तर पुन्हा दोन दिवस अबोला.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे राहायला गेले होते. गॅलरीत केस विंचरत उभी होते, मामी आत स्वयंपाकघरात. कोपऱ्यावरून मामा वळला. पिशव्या, छत्री, आणि त्या दिवशी भर म्हणून गळ्यात अडकवलेली एक केरसुणी.

“मामी, दार उघड,” मी ओरडले, “आपलं गॅलियन आलं!”

मामा भर रस्त्यात थांबला. पिशव्या खाली ठेवल्या, हात छातीकडे नेला. मी जिन्याकडे धावणार, तोच त्याने खिशातून कार्ड आणि पेन काढलं.

“आज तारीख काय गं?” खालूनच ओरडला.

मामी हात पुसत माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

“नीट सही कर,” ती मला म्हणाली, “आणि स्वल्पविराम देऊ नकोस.”