आत येऊ का?

माउसवरचा हात काका आधी काढून घ्यायचे. मग खुर्ची जराशी मागे सरकवायची, घसा साफ करायचा आणि फोनवर म्हणायचं, "आत येऊ का?"

पलीकडचा माणूस कधी सांगलीला बसलेला असे, कधी सुरतला. त्याचा कॉम्प्युटर तिकडे आणि काका इकडे, मीरा रोडला हाटकेश भागातल्या एका गाळ्यात. नंबर आणि पासवर्ड टाकला की त्याचा स्क्रीन आमच्या स्क्रीनवर उघडायचा, आणि इथून माउस हलवला की तिकडचा बाण हलायचा. याला आम्ही 'रिमोट घेणं' म्हणायचो. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबना रिपोर्ट छापायचं सॉफ्टवेअर आमची कंपनी द्यायची. ते अडलं की फोन आमच्याकडे. शेठनी सगळ्या लॅबना एकच पासवर्ड टाकून ठेवला होता, त्यामुळे कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. यादीतला नंबर निवडला की शिरलं आत. काकांनाही तो पासवर्ड तोंडपाठ होता. तरी ते विचारायचे, आणि पलीकडून 'या' ऐकू येईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसायचे.

काका भाईंदरच्या राई गावातले. टेलिफोन खात्यात लाइनवर पंचवीस वर्षं काढून त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली होती. विचारायची सवय तिथलीच. मला एकदा म्हणाले, "लोकांच्या घरात जायचं काम होतं, बाय. दुपारच्याला बाई एकटी असते. आपण दारात उभं राहायचं. ती या बोलली की जायचं, फोन जोडायचा, बाहेर पडायचं. ती न्हाय बोलली तर दुसऱ्या दिवशी."

मी किनवटकडची. आठवीत शाळा सुटली. लग्न होऊन भाईंदरला आले तेव्हा इथलं कुणी ओळखीचं नव्हतं. नवरा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर, आणि मी या गाळ्यात सीडी पाकिटात भरायला लागले. फोन वाजत राहिला की मला धडधडायचं. एकदा सगळे जेवायला गेले होते आणि तो थांबेचना, म्हणून उचलला. "माणूस येतोय, मी आहे इथंच" असं म्हणत त्या लॅबवाल्याला पंधरा-वीस मिनिटं धरून ठेवलं. काका डबा धुऊन आले तेव्हा मी त्याला त्याच्या मुलीच्या शाळेचं विचारत होते.

त्यांनी शेठना सांगितलं, हिला फोनवर बसवा. शेठ म्हणाले, इसको इंग्लिश किधर आता है. काका म्हणाले, कॉम्प्युटरला तरी मराठी कुठे येतंय, दोघांचं जमेल.

जमलं, पण ते काकांमुळे. मेनूतले इंग्रजी शब्द मला वाचता यायचे नाहीत, तर त्यांनी मला वहीत ते चित्रासारखे काढायला लावले. हा शब्द असा दिसतो, तो दाबला की हे होतं. चुकलं तर रागावायचे नाहीत. 'परत काढ' एवढंच. चार महिन्यांनी मी शब्द वाचायला लागले तेव्हा ते माझ्या आधी त्यांच्या लक्षात आलं.

रिमोट घेतला की पलीकडच्या स्क्रीनवरचा मागचा फोटो निघून जायचा. लाइन हळू असे, म्हणून तो प्रोग्रामच तसं करायचा. नव्या लोकांची मात्र धांदल उडायची. वसईच्या एका लॅबवाल्याने गणपतीचा फोटो लावला होता. तो घाबऱ्याघुबऱ्या म्हणाला, काका, बाप्पा गेले. काका म्हणाले, "गेले न्हाय, बाहेर थांबलेत. मी निघालो की येतील." काम झाल्यावर तो माणूस फोनवर थांबून राहिला आणि बाप्पा दिसल्यावरच त्याने फोन ठेवला.

तुमच्या ऑफिसातही असा एखादा असेल, ज्याची सगळे थट्टा करतात आणि अडलं की त्याच्याचकडे जातात. काकांच्या थट्टेचा मोठा विषय म्हणजे त्यांची मान. पलीकडे कुणाची चिठ्ठी उघडी असेल, लग्नासाठी मुली बघायचं चाललं असेल, तर काका 'आवरून घ्या, मी थांबतो' म्हणायचे आणि खरोखर खिडकीकडे मान फिरवायचे. शेजारचा इंजिनिअर हसून म्हणायचा, काका, तुम्ही मान फिरवली ते त्याला दिसतंय थोडंच. काका खिडकीकडे बघतच उत्तर द्यायचे, "मला दिसतंय ना."

मी मनातून त्यांच्या बाजूची. पण घाईत मीही न विचारता शिरायला लागले होते. सगळेच शिरत होते.

त्या दिवशी काका दुपारपर्यंत वसईला गेले होते. इंदूरच्या लॅबचा फोन आला. त्यांच्याकडे सकाळच्या नोंदी कुणीतरी उलटसुलट भरल्या होत्या, म्हणून कालचा बॅकअप परत चढवायचा होता. म्हणजे आजचं सगळं पुसून काल संध्याकाळी होतं तसं करायचं. माणूस घाईत होता. "उनासी नंबर, मॅडम, जल्दी."

हिंदीतले आकडे मला अजूनही मराठीत फिरवून घ्यावे लागतात. उनासी म्हणजे एकोणऐंशी. नवासी म्हणजे एकोणनव्वद. फोनवर खरखर होती. मी नवासी ऐकलं, यादीत एकोणनव्वद शोधला, पासवर्ड टाकला, शिरले आणि बॅकअप चढवला. मग इंदूरवाल्याला म्हटलं, हो गया. तो म्हणाला, यहाँ तो कुछ हुआ ही नहीं.

मी यादीकडे पाहिलं. एकोणनव्वद नंबर चिपळूणच्या लॅबचा होता.

तेवढ्यात दुसरा फोन वाजला. चिपळूणच्या लॅबमधल्या ताई. बाण आपोआप फिरत होता म्हणाल्या, आणि सकाळपासूनच्या अडतीस पेशंटच्या नोंदी नाहीशा झाल्यात. पाच वाजता डॉक्टर रिपोर्ट बघायला बसणार. त्यातल्या एका बाईचं ऑपरेशन रिपोर्टवर अडलं होतं. मी 'बघून सांगते' एवढंच बोलू शकले.

शेठना सांगावं लागलं. ते वाईट नव्हते, घाबरट होते. म्हणाले, बोल दो वायरस आया था, किसको पता चलेगा. आणि मला सुटल्यासारखं वाटलं, हे मी लपवत नाही. व्हायरस म्हटलं की माझी नोकरी वाचत होती. आठवी शिकलेल्या बाईला मीरा रोडमध्ये दुसरं कोण खुर्चीवर बसवणार होतं?

काका आले तेव्हा अडीच वाजले होते. शेठ त्यांना सगळं सांगत होते आणि काका माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी चिपळूणचा नंबर फिरवला आणि रिसीव्हर माझ्यापुढे धरला.

"काय झालं ते सांग. मी इथंच हाय."

"ते मला काढतील, काका."

"काढतील कदाचित. पण ती बाई तिथं व्हायरस शोधत बसली तर पाच वाजतील."

मी रिसीव्हर घेतला. म्हटलं, "ताई, व्हायरस नाही. मीच चुकून तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरले. न विचारता. आकडा चुकले मी."

ओरडतील म्हणून मी डोळे मिटले. पण ताईंनी अगदी हळू विचारलं, "म्हणजे तुम्ही लोक इथं कधीही येऊ शकता?"

मी तोच प्रश्न काकांना म्हणून दाखवला. काकांनी फोन घेतला. फोनवर ते नेहमी नीट मराठी बोलायचे. म्हणाले, "आजपर्यंत येऊ शकत होतो, ताई. उद्यापासून नाही येणार. आज मात्र तुमची परवानगी असेल तर आत येतो आणि ही सगळं परत भरून देईल."

शेठ समोर उभे होते. त्यांना विचारलं नव्हतं, हे सगळ्यांना कळलं.

ताईंकडे हाताने लिहिलेलं रजिस्टर होतं, म्हणून निभावलं. त्या एकेक ओळ वाचत होत्या, मी टाइप करत होते, आणि काका बाजूला उभं राहून प्रत्येक आकडा त्यांना पुन्हा म्हणून दाखवत होते, सुटा सुटा. एक, एक, पॉइंट, चार. ऑपरेशनवाल्या बाईचा रिपोर्ट आधी भरला आणि ताईंनी तो लगेच छापून पाठवला. अडतिसावी नोंद संपली तेव्हा पाचला दहा मिनिटं होती. ताई म्हणाल्या, नीट भरलंय. मला पाणी प्यायचंही सुचत नव्हतं.

मग शेठ काकांवर बरसले. किसने बोला तुमको प्रॉमिस करने को, आणि हिला उद्यापासून बोलवू नका. काकांनी ऐकून घेतलं. म्हणाले, शेठ, चूक हिच्या कानाची आहे, पण दार आपण उघडं ठेवलं होतं. प्रत्येक लॅबचा पासवर्ड त्यांनाच विचारावा लागला असता तर नंबर चुकूनही ही आत गेली नसती. आणि व्हायरस म्हणायची सोय तुम्ही करून दिली असताना जिनं खरं सांगितलं, ती तुम्हाला फोनवर नको असेल तर मग मीही कशाला हवा. हे सगळं ते बसल्या जागी, चहा ढवळत बोलले.

शेठ केबिनमध्ये गेले. दुसऱ्या दिवशी मला कुणी काही बोललं नाही. मी घाबरतच फोनवर बसले, ती अजून बसते आहे.

पुढचे कित्येक दिवस आम्ही दोघं एकेका लॅबला फोन करत होतो आणि जुना पासवर्ड काढत होतो. आता रिमोट घ्यायचा तर दर वेळी त्यांच्या स्क्रीनवर नवा पासवर्ड येणार, तो त्यांनी आम्हाला वाचून दाखवायचा, आणि काम संपलं की तो बाद. लोक वैतागले. सुरतेचे एक भाई म्हणाले, घरवालीही इतकं विचारत नाही. काका म्हणाले, मग तिलाही विचारायला सांगा. आकडे मात्र सुटेच घ्यायचे, हिंदी असो की गुजराती. सात, नऊ. आठ, नऊ. आमच्याकडे नवीन लागलेली इंजिनिअर पोरं अजून याला हसतात. मी त्यांना हसू देते आणि परत म्हणायला लावते.

चिपळूणच्या ताई पुढे माझ्याशिवाय कुणाला रिमोट देईनात. 'ती चुकलेली बाई द्या' म्हणायच्या. हे काका येईल त्याला सांगायचे, जणू मला बक्षीस मिळालंय.

दोन वर्षांनी काकूंचे गुडघे गेले आणि काकांनी काम सोडायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी चार वाजता त्यांनी मला हाक मारली. रिमोट घेणाऱ्यांची आमच्याकडे एक यादी होती, त्यात प्रत्येकाचं नाव आणि त्याचा स्वतःचा पासवर्ड; तो टाकल्याशिवाय आमच्याकडचा प्रोग्रामच उघडायचा नाही. म्हणाले, माझं नाव काढ. मी म्हटलं, राहू द्या काका, कधी अडलं तर घरून बघाल. त्यांनी मान हलवली. "घरून कशाला? मी आता बाहेरचा हाय."

मी त्यांच्या नावावर बाण नेला. कॉम्प्युटरने इंग्रजीत विचारलं, नक्की काढायचं का. तो शब्द मला आता वाचता येत होता. माझं बोट काही केल्या खाली जाईना. ते मागे उभे होते. शेवटी दाबलं.

मग ते पलीकडच्या खुर्चीवर बसले, चष्मा पुसला, आणि एका बोटाने आपलं नाव आणि पासवर्ड टाकला. कॉम्प्युटर नाही म्हणाला. त्यांनी अक्षरं तपासली, परत टाकला. परत नाही. तेव्हा ते इतके मोठ्याने हसले की शेठ केबिनमधून बाहेर आले.

"शेठ, मला आत घेत न्हाय," काका त्यांना म्हणाले. "पक्कं काम केलंय हिनं."

आणि खुर्ची टेबलाखाली सारून, डब्याची पिशवी उचलून ते जिना उतरायला लागले.