अण्णा शेजारच्या सीटवर

काल सिग्नलला शेजारच्या गाडीत एक मुलगी स्टिअरिंगवर होती आणि तिचे वडील दाराचं हँडल घट्ट धरून बसले होते. मला माझी पहिली गाडी आठवली. पांढरी, सेकंडहँड, चढावर धापा टाकणारी. ती घेतल्यावर अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शेजारी बसवून मी गावी निघालो. त्यांचा सारा जन्म बस चालवण्यात गेलेला. घाट लागला तसा प्रत्येक वळणावर त्यांचा पाय तिथे नसलेला ब्रेक दाबू लागला.

"अण्णा, मी आहे ना," मी म्हणालो.

ते ओशाळून हसले आणि खिडकीबाहेर बघू लागले. मग म्हणाले, "याच घाटातून इतकी वर्षं बस नेली रे. पण खालची नदी आज पहिल्यांदा नीट बघतोय."

मी गाडी कडेला घेऊन थांबवली.