मामांच्या गालिच्याचा उडालेला रंग

बायकोच्या मामांनी दिलेल्या गालिच्यावर मी ब्लीच ओतलं. घरात तेव्हा दुसरं कोणीच नव्हतं, त्यामुळे दोष वाटून घ्यायलाही माणूस मिळाला नाही. बायको मैत्रिणीकडच्या लग्नाला नातेपुत्याला गेली होती आणि मी, घराचा तात्पुरता मालक या नात्याने, ताट घेऊन थेट गालिच्यावर बसून मॅच बघत होतो. शेंगाचटणीवर तेल घेताना माझा हात कधी आखडत नाही. विकेट पडली, मी उडालो, ताटही उडालं. किरमिजी गालिच्यावर लाल तेल. खरं तर लांबून कुणाला कळलंही नसतं. पण शिकलेल्या माणसाला स्वस्थ बसवत नाही. मी संडासातली बाटली आणली आणि सढळ हाताने ओतली. बाटली शब्दाला जागली. डाग गेला, आणि जाताना गालिच्याचा रंगही बरोबर घेऊन गेला. मागे राहिला तो परातीएवढा फिकट पिवळा गोल.

वस्तू देऊन टाकणारी माणसं पुष्कळ असतात. पण दिलेल्या वस्तूला जन्मभर भेटायला येणारा माणूस सोलापूर जिल्ह्यात एकच, आणि तो माझ्या नशिबी मामेसासरा म्हणून आला. मामा अक्कलकोटला एकटेच राहतात. पूर्वी इथे सोलापुरात, नवी पेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं, त्यामुळे कुठल्याही वस्तूवर आधी हात फिरवायचा आणि मग माणसाकडे बघायचं, ही सवय. एका पुतणीला त्यांनी मिक्सर दिला. तिच्याकडे गेले की म्हणणार, "जरा फिरवा की," आणि डोळे मिटून ती घरघर अशी ऐकणार, जणू मैफलीला बसलेत. एका भाच्याला मनगटी घड्याळ दिलं. स्वतःचं घड्याळ बाहीत दडवून मामा त्यालाच वेळ विचारतात, आणि वेळ बरोबर निघाली की श्रेय स्वतःकडे घेतात. दुसऱ्या एका भाच्याने मात्र मामांचा टेबलफॅन वॉचमनला देऊन टाकला. मामा त्या घराचा जिना पुन्हा चढले नाहीत. कारण विचारलं तर, "त्या बाजूला ऊन लई लागतं," म्हणतात. तो भाचा राहतो ती गल्ली दिवसभर सावलीत असते.

म्हणून मला घाम फुटला होता. बायकोचे आईवडील गेले. माहेर म्हणून तिला आता मामा तेवढे उरलेत. ते यायचे ते सकाळच्या एस्टीने, आणि आल्या आल्या चपला काढून गालिच्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत अनवाणी चालायचे, शेतकरी पीक बघतो तसे. मग बसायचे. चहा मात्र फरशीवर सरकून. गालिच्यावर चहा घेणाऱ्या माणसाविषयी त्यांचं मत मी मॅचच्या दिवशी आठवायला हवं होतं.

बायको परत आली, तिने तो गोल बघितला आणि हातातली बॅग न ठेवताच त्याच्याभोवती एक फेरी मारली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी गालिचे धुणारा एक माणूस बोलावला. तो भलंमोठं मशीन घेऊन आला, उकिडवा बसला, बोटाने धागे चाचपले आणि मशीनचं बटण न दाबताच उठला. "साब, दाग रहता तो निकालता था. यहाँ रंगइच नै है, क्या धोऊँ?" मग मी नवी पेठेतून रंगाची पुडी आणून स्वतः कलाकारी केली. पिवळ्या गोलाच्या जागी वांग्याच्या रंगाचा गोल आला. त्यावर टीपॉय सरकवला, तर घरातल्या प्रत्येकाच्या नडगीने त्याची नोंद घेतली. तेवढ्यात मामांचा फोन आला, की गुरुवारी येतोय.

गुरुवारी टीपॉय बाजूला करून मी त्या गोलावर स्वतः जाऊन बसलो. मामा दारात आले तरी उठलो नाही. आमच्याकडे मामेसासरे आले की जावई उठून वाकून नमस्कार करतो. मी बसल्या जागी हात जोडले आणि कंबर धरलीय म्हणून सांगितलं. मामांनी चपला काढल्या, कडेपासून चालायला सुरुवात केली, मध्ये मी आलो तेव्हा खांबाला घालावा तसा मला वळसा घातला आणि समोर येऊन बसले. आत पानं वाढली होती. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या. बायको स्वयंपाकघराच्या दारात पदराचं टोक मुठीत आवळून उभी होती.

"जावईबापू, उठा की आता," मामा शांतपणे म्हणाले. "दारातनंच बघितला मी. परातीएवढा डाग हाय, तुमी वाटीएवढे. झाकणार कसा?"

मी उठलो. मामांनी त्या जागेवरून आधी उलटा हात फिरवला, मग सुलटा. बायकोकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले होते. "होगली बिडरी," ते कानडीत म्हणाले, म्हणजे जाऊ द्या. "हे काय एका दिवसात निघणारं न्हाय. मला परत यावं लागंल."

आणि ते आले. एकदा रिठे घेऊन, एकदा लिंबं घेऊन, एकदा उकडलेला बटाटा डब्यात घालून. एकदा तर विभूती लावून बघितली. पूर्वी सणासुदीला येणारा माणूस दर पंधरवड्याला यायला लागला. पद्धत ठरलेली होती: घासायचं मी, आणि मामा भाचीशी कानडीत बोलत स्वयंपाकघरात बसणार, तिची आई लहानपणी कशी हट्टी होती वगैरे, थेट संध्याकाळच्या गाडीपर्यंत. शेवटी हात भरून आल्यावर मी त्यांना समजावलं, की मामा, हा डाग नव्हेच, इथला रंगच गेलाय, काही केल्या परत येणार नाही. मामांनी माझ्याकडे दयेने बघितलं. "ते ठावं हाय मला. तुमी घासा."

यंदा त्यांचे गुडघे धरलेत. एस्टीची पायरी उंच वाटते म्हणतात. येणं कमी झालं, फोन वाढले. आणि फोनवर पहिली चौकशी आमची नव्हे, गालिच्याची. परवा फोन मी उचलला. म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला कशाला घोर, म्हणून मोठ्या मनाने सांगितलं, की मामा, तुमच्या लिंबांनी काम केलं, आता दिसतसुद्धा नाही, तुम्ही मुद्दाम येण्याची तसदी घेऊ नका.

पलीकडून अगदी हळू आवाज आला, "बरं झालं की."

बायकोने माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "मामा, ह्यांचं ऐकू नका. होता तसाच आहे. उलट जरा पसरलाय."

"व्हय?" एवढा मोठा आवाज, की मलाही ऐकू आला. मग गाड्यांच्या वेळा निघाल्या, गुरुवार ठरला, त्यांना स्टँडवरून आणायला मी जाणार हेही मला न विचारता ठरलं. तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली.

"तुम्हाला फक्त डाग पाडता येतात," ती म्हणाली. "तेवढंच करत जा."