सतरंजीवरचं पोहणं

नातवंडांनो, हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं, हे मला कळतं. मी जन्मभर केजच्या शाळेत इंग्रजीच शिकवलं. पण ह्यातली माणसं इंग्रजीत बोलली नाहीत, आणि त्यांचं बोलणं इंग्रजीत घातलं तर ती उगाच शहाणी वाटायला लागतील. तेवढा मोठेपणा मला त्यांना द्यायचा नाही. अडेल तिथं बापाला विचारा.

आताच लिहायचं कारण असं. गेल्या आठवड्यात साखर कारखान्याचे दोन संचालक शाल-नारळ घेऊन घरी आले. कारखान्याच्या वसाहतीत जलतरण तलाव बांधलाय, त्याला तुमच्या आत्याचं नाव द्यायचंय, आणि स्मरणिकेसाठी आईच्या आठवणी हव्यात, दीड पान, प्रेरणादायी. मी विचारलं, "तलावात पाणी आहे का?" त्यातला धाकटा म्हणाला, "बाई, ते पावसाळ्यात बघू." मी त्यांना दीड पान लिहून दिलं. त्यात काही नाही. त्या स्मरणिकेत असं छापून येणार आहे की तुमच्या आत्याला कारखान्यानं घडवलं. कारखान्यानं तिला काय केलं ते तुम्हाला माहीत असावं म्हणून हे लिहिते.

तुमच्या आत्याला ती चालायला लागली त्याच वर्षी पोलिओ झाला. उजवा पाय राहिला तो राहिलाच. आमच्या शेतातल्या विहिरीत गावातली सगळी पोरं पोहायला शिकायची. कमरेला दोरीनं वाळलेले भोपळे बांधायचे, वरून ढकलून द्यायचं, आणि जसजसं येईल तसतसे भोपळे कमी करायचे. हिला शिकवलं माझ्या चुलत दिरानं. त्याची पक्की समजूत होती की विहिरीच्या पाण्यानं पोलिओ उतरतो. मी सांगून दमले. तो म्हणायचा, "वैनी, तुमी पुस्तकं वाचा, पोरीचं माझ्याकडं." पोलिओ उतरला नाही, पण पोरगी पोहायला लागली. कमरेचे भोपळे सुटले. उजवा पाय तेवढा खाली जायचा, म्हणून एक भोपळा गुडघ्याला राहिला. पुढं तोही तिनं एका दुपारी स्वतःच सोडून काठावर फेकला.

मग दुष्काळ आला. तुमचा बाप पुण्याला शिकत होता, त्या वर्षांतला. विहिरीचा तळ दिसला. गावात टँकर आला की हंडे आधी पळायचे आणि बायका मागून. जनावरं चारा छावणीत गेली. कारखान्याचं गळीत बंद पडलं. सगळ्या शिवाराचं पाणी उसाला पाजून झाल्यावर कारखान्याला पाण्याचं महत्त्व पटलं होतं, तशा पाट्या त्यांनी फाटकावर लावल्या होत्या.

ह्याच वर्षी जिल्ह्यात अपंग मुलांच्या जलतरण स्पर्धेची निवड निघाली. अशा स्पर्धेत मुलांचे गट पाडतात. ज्याचं शरीर जितकं अडतं, त्यानं तितक्याच अडणाऱ्यांबरोबर पोहायचं, म्हणजे सरावानं जिंकता येतं. हे गट पाण्यात उतरवून ठरवायचे असतात. जिल्ह्याचा तलाव कोरडा होता. म्हणून चेअरमनसाहेबांनी तोडगा काढला. कारखान्याच्या सभागृहातल्या खुर्च्या बाजूला सारल्या, सतरंजी अंथरली, आणि मुलांना तिच्यावर पोहायला सांगितलं.

मी हे रचून सांगत नाही. समोर टेबलाशी तालुक्याचे डॉक्टर, क्रीडा खात्याचे एक साहेब, आणि मधल्या खुर्चीत चेअरमन. त्यांचा पोहण्याशी संबंध इतकाच की सभागृह त्यांचं होतं आणि चहा त्यांचा होता. क्रीडाचे साहेब म्हणाले, "पालथं झोपा आणि हातपाय मारून दाखवा." पहिलं पोरगं झोपलं, हात मारले, आणि मान वर करून म्हणालं, "साहेब, कोणत्या काठाला निघू?" साहेबांना तो उद्धटपणा वाटला.

चेअरमनचा भाचाही उमेदवार होता. त्याच्या एका पायाची दोन बोटं जन्मतः जुळलेली होती. एवढंच. पण सतरंजीवर तो असा काही कण्हला, की डॉक्टरांनी त्याला जवळजवळ हलताच न येणाऱ्या मुलांच्या गटात टाकलं. चेअरमननी रुमालानं डोळे टिपले.

मग आमच्या पोरीची पाळी आली. आपल्याकडं पाय अधू असलेल्या पोरीला लहानपणापासून एकच वळण लावतात. चार माणसांत लंगडायचं नाही, बसल्यावर पाय परकराखाली घ्यायचा, विचारलं तर म्हणायचं काही नाही, जरा मुरगळलाय. ती तशीच सतरंजीवर झोपली. हात झोकदार मारले, डावा पाय मारला, उजवा शेजारी सरळ ठेवला, जसा देवळात बसताना ठेवायची. डॉक्टर खूश झाले.

"छान. हिला फारसं काही न्हाई," ते म्हणाले, आणि जिथं कुणाचं बोट तुटलेलं, कुणाचं मनगट वाकडं, अशा गटात तिला घातलं. ती फुलून गेली. जन्मात पहिल्यांदा डॉक्टरनं तिला काही नाही असं म्हटलं होतं.

मी उठले. म्हटलं, "डॉक्टर, खाली फरशी आहे. तिची कंबर फरशीनं धरलीय. पाण्यात कोण धरणार?"

डॉक्टरांनी चेअरमनकडं पाहिलं. चेअरमन म्हणाले, "बाई, आता पाणी आणायचं कुठनं? लोकाला प्यायला न्हाई आन तुमी पोहायला मागता?" सभागृह हसलं. खिडकीतून विश्रामगृहाची हिरवळ दिसत होती. एक माणूस तिच्यावर पाइप धरून उभा होता. मी तिकडं बोट केलं.

"ती मंत्रीसाहेबांसाठी हाय, बाई."

"मंत्री चरतात का तिथं?"

ह्यावर कुणी हसलं नाही.

घरी येताना तुमची आत्या माझ्याशी भांडली. "डॉक्टर चांगलं म्हणाले तर तुला कावून नको? मी अजून अपंग ठरावं असं वाटतंय का तुला?" मी तिला गटाचं गणित समजावलं. ती म्हणाली, "मग धडधाकटांसंगं पोहीन." तिला जिंकायचं होतं, आणि जिंकायला कमी अपंग असावं लागतं अशी तिची समजूत होती. जिल्ह्याच्या ठिकाणी सत्कार घेणाऱ्या मोठ्या माणसांचीही तीच होती, तिला काय बोलणार.

विभागाच्या स्पर्धेला खरं पाणी होतं. तिथं ती इतकी मागं राहिली की तिनं भिंतीला हात लावला तेव्हा बाकीच्या पोरी टॉवेल गुंडाळून चहा पीत होत्या. एकीनं मोठ्या मनानं टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या तिला सगळ्यात लागल्या. विभागातून मुलंच कमी होती म्हणून राज्याला सगळ्यांनाच धाडायचं ठरलं, पण ती म्हणाली, "मी न्हाई जायची. मला येतच न्हाई पोहायला."

ती पोहणं सोडणार होती, गटाच्या चुकीला स्वतःची चूक समजून. त्याची मला भीती वाटली.

तेवढ्यात तुमच्या बापाचं पत्र आलं. त्याच्या कॉलेजाजवळच्या तलावावर एक संशोधक मुलगी अधू पायाच्या पोहणाऱ्यांवर काम करत होती आणि तिला माणसं हवी होती. मी पोरीला जवळजवळ ओढत एसटीत बसवलं. मांजरसुंब्याला गाडी बदलताना धाब्यावर मी भजी घेतली. तिनं हात लावला नाही.

पुण्याचा तो तलाव पाहून मला आधी रागच आला. काठोकाठ निळं पाणी, आणि दोन बायका तक्रार करत होत्या की आज ते गार आहे. त्या बायकांना एक दिवस आमच्या टँकरमागं पळवायला हवं होतं.

ती संशोधक मुलगी तिशीच्या आतली, केस आखूड, बोलणं तोंडातल्या तोंडात. मी तिच्याकडून फार अपेक्षा ठेवली नव्हती. तिनं आत्याच्या खांद्याला, कमरेला, गुडघ्याला, घोट्याला काळ्या पट्ट्या चिकटवल्या आणि काचेच्या पेटीतला कॅमेरा पाण्यात सोडला. मग दोरीला धरून तिला पाण्यातून नुसतं ओढलं, एकदा पाय तसाच ठेवून, एकदा पायाला तरंगता ठोकळा बांधून, आणि दोरीवर किती ताण येतो ते काट्यावर पाहिलं. ठोकळा बांधल्यावर काटा खाली आला. पाय नुसता दुबळा नव्हता, तो नांगरासारखा मागं लटकत होता.

मी म्हटलं, "मग हिला योग्य गट लिहून द्या."

ती म्हणाली, "गट द्यायचा अधिकार मला नाही. मी फक्त मोजते. राज्याच्या स्पर्धेत पाण्यात तपासणी मागा." मदत म्हणून एवढंच. पण तिनं आत्याला पडद्यावर तिचं पोहणं दाखवलं, अगदी सावकाश. डावा पाय मारला की कंबर फिरायची, आणि ती सावरायला डावा हात बाहेरून लांबचा वळसा घेऊन यायचा. आत्या टक लावून पाहत राहिली.

"हा हात असा कावून जातो?"

"तू पडू नयेस म्हणून."

तिनं तेवढाच भाग पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाली, "म्हंजी मी एका हातानं पोहते आन एका हातानं स्वतःला धरून ठेवते."

परतीला मांजरसुंब्याला तिनं स्वतःहून भजी मागितली. खाताना म्हणाली, "आई, राज्याला जाते. पाय लपवणार न्हाई. कण्हणारबी न्हाई."

राज्याच्या तपासणीला दोन परीक्षक होते, एक काठावर आणि एक चक्क पाण्यात. आमचे चेअरमन जीप भरून माणसं आणि फलक घेऊन हजर होते. भाच्याला आधी उतरवलं. पाणी गार होतं. तो कण्हायचं विसरला आणि माशासारखा पलीकडं गेला. परीक्षकानं त्याला बाहेर बोलावून पाय पाहिला आणि सांगितलं, हा ह्या स्पर्धेत बसतच नाही.

चेअरमन म्हणाले, "साहेब, त्याला पाण्याचा गुण येतो."

"मग पाण्यातच ठेवा त्याला," परीक्षक म्हणाला, आणि पुढचं नाव पुकारलं.

तुमची आत्या उतरली. जसं येतं तसं पोहली, पाय लटकू दिला, हात वळसा घेऊ दिला. पाण्यातल्या परीक्षकानं तिचा पाय धरला, सोडला, कंबर धरून पुन्हा पोहायला लावलं. तिचा गट बदलला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडावर आनंद नव्हता, दुःखही नव्हतं. डॉक्टरनं काही नाही म्हटल्याचं सुख तिनं स्वतःच्या हातानं परत दिलं होतं, एवढं मला दिसलं.

शर्यतीत तिचा चौथा नंबर आला. चेअरमनच्या माणसांनी फलक गुंडाळला. चेअरमन मला म्हणाले, "बाई, गट खाली उतरवून घेतला, तरी चौथीच?"

उत्तर तिनं दिलं, केसांतून पाणी गळत असताना. "चेअरमनसाहेब, आज मी भिंतीला हात लावला तवा शेजारची पोरगी पाण्यातच होती." त्यांना ते कळलं नाही. त्यांनी जीप काढायला सांगितली.

पुढं ती पोहत राहिली. पदकं मिळाली ती तुम्ही पाहिलीत. पदकं आल्यावर कारखान्याला तिची आठवण झाली, आणि आता तलावही झाला. तिला कळवलं तेव्हा फोनवर तिनं एवढंच विचारलं, "सभागृहातली सतरंजी बदलली का?" बदललेली नाही. उद्‍घाटनाला पाहुण्यांना त्याच सतरंजीवर बसवणार आहेत. ती येणार नाही. मी जाणार आहे, आणि खुर्ची मागणार आहे.

शेतातली विहीर शाबूत आहे. यंदा खालच्या पायऱ्या पाण्यात आहेत. गुडघ्याचा भोपळा किडला, तो टाकून दिला. दोरी आहे.