निळ्या रंगाखालचा नंबर

आमची स्कूटर शोरूममधून कोणत्या रंगाची आली होती, ते मला आठवत नाही. मला आठवते ती निळीच. दरवर्षी विजयादशमीच्या आधी नालवाडीच्या विहाराच्या खिडक्या रंगवून उरलेला ऑइलपेंट बाबा घरी आणत आणि सगळ्या स्कूटरवर ब्रश फिरवत. चाकं आणि सीट तेवढी सुटायची. मग त्या चकाचक गाडीवरून आई, बाबा आणि मी असे तिघं दीक्षाभूमीला नागपूरला जायचो. मी पुढे उभी.

पंधरा वर्षांनी गाडी पुन्हा पास करून घ्यायची वेळ आली. तोवर मी त्याच स्कूटरवर वर्ध्याला कॉलेजात जात होते. आरटीओत तपासणाऱ्या साहेबांनी वाकून पत्र्यावर कोरलेला चेसिस नंबर शोधला, बोट फिरवलं आणि म्हणाले, नंबर वाचता येत नाही, वाचता आल्याशिवाय गाडी सोडणार नाही. लिंबाखाली बसलेला एक एजंट सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "नंबर घासलेला दिसून राह्यला. चोरीची असन."

बाबांनी मान खाली घातली. "जाऊ दे बाई," ते हळूच म्हणाले, "भंगारात देऊन टाकू."

माझं डोकंच फिरलं. "काऊन देता भंगारात? आपण चोर आहो का?"

समोरच्या हार्डवेअरच्या दुकानातून मी थिनरची बाटली आणली, ओढणीचं टोक फाडलं आणि भर उन्हात नंबरावरचा रंग घासत बसले. भोवती बघे जमले. जमू देत. एकेका विजयादशमीचा थर निघत होता आणि चिंधी निळी होत होती. बाबांनी भक्तिभावानं आकडेच बुजवून टाकले होते. शेवटी पत्र्यावर ते उघडे पडले, आणि त्यांच्या शेवटी दोन अक्षरं.

साहेबांनी अक्षरं उलगडून सांगितली. एक गाडी बनल्याच्या वर्षाचं, दुसरं महिन्याचं. वर्ष नोंदणीच्या आदल्या सालचं निघालं.

"पाहा!" एजंट उठून उभाच राहिला.

"अन् महिना नाई ऐकला का जी?" मी म्हटलं. "डिसेंबरात बनलेली गाडी जानेवारीत इकली, तं ते चोरीची होते का?"

साहेबांना हसू आलं. त्यांनी नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली, ठसा घेतला आणि नोंदीशी ताडून पाहिला. आकडा न् आकडा जुळला. आम्ही निघताना म्हणाले, त्यावर रंग मारून घ्या, नाहीतर गंजेल.

पुढच्या विजयादशमीला बाबा डबा घेऊन आले, तेव्हा मी नंबरावर हात ठेवला. "इथं नाई." त्यांनी ब्रश बाजूला घेतला. मग बाकीची स्कूटर रंगवली. तेवढ्या उघड्या पट्टीवर मी खोबरेल तेलाचं बोट फिरवलं. गंजली तर पुन्हा घासेन म्हटलं.

नागपुरात पार्किंगवाल्यानं विचारलं, "काका, एवढाच तुकडा काऊन सोडला?"

बाबांनी त्याला खाली वाकायला लावलं.

"वाच," ते म्हणाले. "मोठ्यानं वाच."